नानांचं वायरिंग

जबलपूरच्या रांझीत ज्या घरात फॅक्टरीतून निवृत्त झालेला मराठी माणूस आहे, त्या घरात इलेक्ट्रिशियनला सहसा बोलावत नाहीत. बोलावलाच तर त्याला पाणी देतात, पंख्याखाली बसवतात आणि आपण केलेलं काम दाखवतात.

अशा माणसाला आपण नाना म्हणू. नाना एकटे नाहीत. मस्ताना चौकातून बडा पत्थरकडे जा किंवा मानेगावच्या बाजूला वळा. ज्या गेटवर 'बेल दाबू नये, कडी वाजवावी' अशी ऑइलपेंटने लिहिलेली पाटी दिसेल, पोर्चमधली ट्यूबलाइट एका बाजूने पट्टीवर आणि दुसऱ्या बाजूने सुतळीवर तोललेली दिसेल, तिथे आत एक नाना आहेत असं समजावं. अंगात बाह्यांचा बनियन, त्यावर बटणं न लावलेला शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. भाजी आणायला जातानाही टेस्टर खिशात असतो. का, ते विचारू नये. विचारलंत तर ते तुमच्या घरी येतील.

नाना व्हेईकल फॅक्टरीत होते. गन कॅरेज १९०४ ची, खमरिया १९४२ ची, व्हेईकल १९६९ ची, आणि या तिन्ही फॅक्टऱ्यांच्या आधाराने, भोंग्याच्या वेळेवर जेवणारी रांझी वाढली. नानांचे वडील भंडाऱ्याकडून गन कॅरेजमध्ये आले, नाना व्हेईकलला लागले. घरातली मराठी एव्हाना 'लाइट चालली गेली' अशी झाली आहे. दिवाळीचा चिवडा आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढणं या दोन गोष्टी मात्र जशा भंडाऱ्याहून आल्या तशाच शुद्ध राहिल्या. शक्तिमान ट्रक, निस्सान, जोंगा, म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून निघालेली ती जीप, हे सगळं नानांच्या डोळ्यांदेखत बाहेर पडलं. स्वतः नाना गिअरबॉक्सच्या जोडणीवर होते. विजेच्या विभागाशी त्यांचा संबंध इतकाच, की कँटीनला जायचा रस्ता तिथून होता. पण "हमने फौज की गाडी बनाई है, ये दो तार क्या चीज है," असं त्यांनी कधीतरी चारचौघांत म्हटलं, आणि बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांच्या घराण्यात रीत नाही.

फॅक्टरीत नानांनी बसवलेला प्रत्येक गिअरबॉक्स दुसरा माणूस तपासायचा. त्याच्यावर तिसरा. तिसऱ्याने शिक्का मारल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे. घरात तपासणारं कोणी नाही. निवृत्तीनंतर नानांना सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती, तर हीच.

नानांचा वीजशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे. एक तार गरम, एक ठंडी. गरम तारेला टेस्टर पेटतो, ठंडीला पेटत नाही. तिसरी हिरवी असते ती कंपन्या वायर खपवायला देतात. टेस्टरवर त्यांची निस्सीम श्रद्धा. आता टेस्टरमधला तो निऑनचा इवलासा दिवा आपल्याच अंगातून जमिनीत जाणाऱ्या नगण्य विजेवर पेटतो. तारेत जीव आहे, एवढंच तो सांगतो. न्यूट्रल कुठे तुटलाय, जोड कुठे ढिला झालाय, तारेला भार पेलवेल की नाही, यातलं त्याला काही कळत नाही. इतकंच काय, शेजारून जिवंत तार गेली असेल तर तिच्या संगतीने मेलेली तारही त्याच्यात मिणमिणते. नानांच्या घरी सगळ्याच तारा एकमेकींच्या संगतीत असल्यामुळे टेस्टर कुठेही टेकवला तरी पेटतो.

"हे बघ, करंट आहे."

"मग पंखा का फिरत नाही?"

"पंखा खराब झाला असेल."

या निदानावर त्या घरातून तीन पंखे कबाड्याकडे गेले. त्यांतला एक कबाड्याने आपल्याच दुकानात लावला आहे. छान फिरतो.

फ्यूजच्या बाबतीत नानांचं तर्कशास्त्र आणखी पुढे जातं. जुन्या बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. गीझर आणि इस्त्री एका वेळी लागली की फ्यूज जातो. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या घरात ओढतो, इस्त्रीचे चारएक वेगळे, आणि ही सगळी वरात निघते दोन दिवे आणि एक रेडिओ यांच्यासाठी कोणे एके काळी टाकलेल्या बारीक तारेवरून. फ्यूज जाणारच. घरातली जळण्यासाठीच बसवलेली वस्तू ती तेवढीच. नानांच्या मते मात्र फ्यूज वारंवार जातो याचा अर्थ फ्यूज कमजोर आहे. म्हणून ते जुन्या केबलचे तांब्याचे पदर सोलतात, दोन पदरांचा पीळ भरतात, तो गेला की चार पदरांचा. चार पदरांचा गेला नाही तेव्हा त्यांनी बायकोला, म्हणजे काकूंना, बोलावून दाखवला. "आता बघ, हलत नाही." हलला नाही खरा. त्याच्याऐवजी स्वयंपाकघराच्या भिंतीतून आठवडाभर करपल्याचा वास येत राहिला आणि काकूंनी सुनेवर संशय घेतला.

कायदा नानांना ठाऊक नाही असं कोणी समजू नये. उलट इलेक्ट्रिशियनपेक्षा जास्त ठाऊक आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम असा, की घरातलं विजेचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, परवानाधारक ठेकेदाराखेरीज कोणी करू नये. सूट फक्त दिवे, पंखे, फ्यूज, स्विच असल्या वस्तू बदलण्यापुरती, तीही मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तर. पुढच्या नियमावल्यांतही हा आशय कायम राहिला. नानांनी यातला नियम सोडला आणि सूट उचलली. "स्विच बदलायला सरकारची परवानगी आहे," ते म्हणतात. स्विच बदलता बदलता त्यामागची तार बदलली, तार बदलताना पट्टी बदलली, पट्टीबरोबर खोलीतला दिवा या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. स्वरूप बदललं नाही का, असं एकदा जावयाने विचारलं. नानांच्या आधी काकूंनी उत्तर दिलं: "छे हो, कुठलं स्वरूप? आधीही अंधारच पडायचा."

नाना काम करतात तो देखावा एकदा पाहण्याजोगा असतो. लाकडी स्टूल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली दुमडलेला पुठ्ठा. स्टुलावर नाना. खाली काकू, एका हाताने स्टूल धरलेलं, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि दातांत कागदाच्या पुडीतले स्क्रू, कारण खाली ठेवले की हरवतात. काकूंना बोलता येत नाही, ही या रचनेची नानांच्या दृष्टीने मोठी सोय. पक्कड वरून हवेत येते, काकूंनी ती झेलायची असते. पेचकस मागितला की टॉर्च काखेत धरून द्यायचा असतो. आणि टॉर्च जिथे पाहिजे तिथे कधीच नसतो. "इकडे धर. इकडे म्हणजे माझ्याकडे नव्हे. तारेवर धर. तू बघतेस कुठे?" मेन बंद केलेला असतो. पण मेन दोन आहेत, आणि बंद केलेला दुसरा असतो. मग एकदम 'हुं' असा आवाज, स्टूल डगमगणं, आणि वरून निर्वाळा: "करंट जोरात आहे आज." सुरक्षेचा त्यांचा सगळा बंदोबस्त एका वाक्यात आहे: "पायात स्लिपर आहे ना माझ्या."

मेन दोन का, तर त्याला मध्य प्रदेशाचा इतिहास जबाबदार आहे. वीज मंडळाचं मुख्यालय आमच्याच शहरात, रामपूरच्या शक्तिभवनात. त्यामुळे वीज ही आपल्या घरचीच, असा जबलपूरकरांचा पिढ्यान्‌पिढ्या समज. (मंडळाच्या पुढे कंपन्या झाल्या, नाना अजून 'बोर्ड'च म्हणतात.) १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळा झाला आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. इकडे राहिले दिवे. पुढची दोन-तीन वर्षं अशी गेली की २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर लढली गेली आणि सरकार पडलं. राज्यासाठी तो काळोखाचा काळ, नानांसाठी सुवर्णकाळ. इन्व्हर्टर आला! पेटीतून काढून बसवायला दुकानाचा माणूस फुकट येणार होता, नानांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मग झरोक्यांतून, पडद्याच्या दांड्यांवरून, देवघराच्या मागून चपट्या वायरीची स्वतंत्र 'इन्व्हर्टर लाइन' फिरली. फेज इन्व्हर्टरमधून घेतला. न्यूट्रलसाठी एवढी लांब तार कोण ओढणार, तो ज्या त्या खोलीत जवळच्या बोर्डातून उसना घेतला. घरात तेव्हापासून दोन वीजव्यवस्था आहेत आणि त्यांचं एकमेकींशी गुप्त देणंघेणं आहे.

त्याआधीचा एक थर भूकंपाचा आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं, ५.८ तीव्रतेचा धक्का, सगळी रांझी रस्त्यावर. नाना तेवढ्यातही आत धावले आणि मेन बंद करून आले, हे त्यांचं शहाणपण मान्यच केलं पाहिजे. कारण त्या पहाटे मेन एकच होता. भिंतींना भेगा पडल्या. लोकांनी त्या सिमेंटने बुजवल्या. नानांनी बुजवण्याआधी त्यांतून वायर नेल्या. झिरी मारायचा खर्च वाचला, असं ते अजून सांगतात. भूकंपाने जो मार्ग आखून दिला तोच त्या घराच्या हॉलमधल्या तारांचा मार्ग, त्यामुळे खिळा कुठे ठोकावा हे त्या घरात कोणालाच सांगता येत नाही. कॅलेंडर सोफ्यावर उभं करून ठेवतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण लोक नानांना कंजूष म्हणतात आणि ते चुकीचं आहे. नाना पैसे वाचवत नाहीत. गुरंदीच्या जुन्या बाजारातून त्यांनी आणलेले होल्डर, सॉकेट, चोक आणि 'मिलिटरी क्वालिटी'च्या केबली यांच्या पैशांत घराचं वायरिंग दोनदा झालं असतं. नानांना हवंय ते वेगळंच. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून निगम झाली आणि गेटवरचा शिपाई ओळखत नाही. अशा वेळी घरातला दिवा आपल्याशिवाय लागत नाही, ही जाणीव पेन्शनपेक्षा जास्त टिकाऊ असते. साधं, सरळ, कोणालाही कळेल असं वायरिंग केलं तर मग नानांना विचारणार कोण? त्यांनी मुद्दाम गुंता केला असं मी म्हणत नाही. सोडवायची घाई मात्र केली नाही.

काकूंना त्या गुंत्याची सवय झाली आहे. देवघरातला दिवा लावायचा तर आधी व्हरांड्यातलं दुसरं बटण. मिक्सर फिरवायचा तर फ्रिजच्या प्लगवर हात ठेवून, म्हणजे नुसता ठेवून, दाबायचा नाही. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा चारवर चालतो आणि पाचवर घातला की टीव्ही बंद होतो. न्हाणीघरात ओल्या हाताने पोचणार नाही अशा उंचीवर गीझरचं बटण आहे. कोरड्या हातानेही ते कोणाचं पोचत नाही, म्हणून तिथे फुंकणी टांगून ठेवली आहे. हे सगळं काकूंना पाठ. नवी सून आली तेव्हा इतर घरांत कुळधर्म सांगतात, काकूंनी बटणं सांगितली. त्यांची स्वतःची मागणी मात्र एकच होती आणि ती लग्नाच्या पंचविशीपासून चालत आलेली: जिन्याच्या दिव्याला खालीवर दोन्हीकडे बटण हवं. खाली लावायचा, वर जाऊन मालवायचा. दोन टू-वे स्विच आणि मधून जाणाऱ्या तारा, एवढाच खेळ. नाना म्हणत, "करतो." वर गच्चीवर पापड वाळत घातले, की काकू संध्याकाळी एका हाताने कठडा चाचपत उतरत.

आता दुसऱ्या पक्षाबद्दल, कारण इलेक्ट्रिशियन म्हणजे काही धर्मराज नव्हे. आमच्याकडे तो विजेच्या सामानाच्या दुकानाच्या पायरीवर सापडतो. "बस, पाँच मिनट में आया अंकल," म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. आला की शिडी तुमची मागतो, टेस्टर तुमचा मागतो, आणि ज्या दुकानाच्या पायरीवर बसतो त्याच दुकानातून सामान आणायला लावतो. रंग कालच झालेल्या भिंतीला छिन्नी लावतो. मध्येच त्याला फोन येतो, बोर्ड उघडा टाकून जातो, आणि तुम्ही मुलांना त्या खोलीपासून राखत बसता. पण या सगळ्यापेक्षा जुनी त्याची एक चाल आहे. कुठल्याही घरात, कुठलाही बोर्ड उघडला, की तो एक पाऊल मागे सरकतो, मान हलवतो आणि विचारतो: "ये किसने किया है?" मागच्या वर्षी त्यानेच केलेलं असलं तरी विचारतो. हा प्रश्न विचारल्याशिवाय या धंद्यात बोहनी होत नसावी.

मुलीच्या लग्नाच्या आधी नाना पत्रिका वाटायला नागपूरला गेले होते तेव्हा मेनजवळचा जोड जळला. आधीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला नानांनी तांब्याची पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. असा जोड दिसायला घट्ट असतो. आत तो हळूहळू सैल होतो, तापतो, काळा पडतो, आणि मे महिन्यातल्या जबलपुरात टेपचा चीक खाली ओघळतो. काकूंनी गुपचूप दुकानाच्या पायरीवरून माणूस आणला. त्याने बोर्ड उघडला, एक पाऊल मागे सरकला.

"माताजी, ये किसने किया है?"

काकूंनी पदर सावरला. "पहले से है, भैया."

खोटं नव्हतं ते. नाना पहिल्यापासूनच आहेत. त्याने जोड नीट करून दिला, नाना परतले, त्यांना वासावरून कळलं की बोर्डाला परका हात लागला आहे, आणि त्यांनी रात्री बसून सगळं पूर्ववत केलं.

सुरक्षेच्या नावाने नाना कधी वठणीवर आले नसते. आणलं ते ७८,००० रुपयांनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची छतावरच्या सौरविजेची योजना आली, तीन किलोवॅटला एवढं अनुदान. मुलाने पुण्याहून परस्पर अर्ज भरला. नानांनी आकडा ऐकला, चष्मा पुसला, आणि "पॅनल मी बसवीन," म्हणाले. बसवणारी कंपनी नोंदणीकृत लागते, स्वतःच्या हाताने बसवलं तर अनुदान नाही, हे कळल्यावर जेवले नाहीत.

पाहणीला आलेल्या पोराने आयटीआय केलं होतं, खांद्यावर पिशवी, पिशवीत मेगर. आल्या आल्या त्याने अर्थिंग विचारलं. नानांनी त्याला न्हाणीघरामागे नेलं आणि नळाच्या पाइपाला बांधलेली तार दाखवली. पूर्वी घराघरांतून अशीच बांधत, लोखंडी पाइप जमिनीत खोल जायचा, तेवढ्यावर भागायचं. पण मधल्या काळात नळ बदलले होते. लोखंडाच्या जागी प्लॅस्टिकचा पाइप आला तेव्हा नानांनी अर्थिंगची तार सोडून इमानाने नव्या पाइपाला पुन्हा बांधली होती. दोन वेढे जास्तच दिले होते.

पोराने पाइपावर टिचकी मारली. मग नानांकडे बघितलं. 'ये किसने किया है' त्याने विचारलं नाही. हा मुलगा पुढे जाईल असं मला तेव्हाच वाटलं. "अंकल जी, सोलर के तीन अर्थिंग अलग से लगेंगे. और घर की वायरिंग एक बार चेक कर लें?" एवढंच म्हणाला. तीन खड्डे! बडा पत्थर नावाच्या वस्तीत! मजुरांच्या पहारी दोन दिवस ठणठणत होत्या आणि नाना खुर्ची टाकून शेजारी. कोळसा किती, मीठ किती, यावर त्यांनी सल्ला दिला आणि तो, आश्चर्य म्हणजे, बरोबर होता.

घराची तपासणी मात्र लांबली. मुख्य पेटीत पोराने आरसीसीबी लावून बघितला. हे यंत्र हिशेबनिसाच्या जातीचं: फेजवाटे गेलं किती आणि न्यूट्रलवाटे परत आलं किती याचा ताळा घेतं, आणि ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की वही बंद करून मेन पाडतं, कारण तेवढी वीज कोणाच्या तरी अंगातून जात असू शकते. देवघराचा दिवा लावला, पडला. व्हरांडा लावला, पडला. इन्व्हर्टर लाइन जोडताक्षणीच पडला. "पीस खराब आहे," नाना म्हणाले. पोराने दुसरा लावला. तोही खराब निघाला. तिसऱ्या वेळी नाना काही बोलले नाहीत. उसने न्यूट्रल चव्हाट्यावर आले होते. मग मेगरने ५०० व्होल्टवर तारांचं इन्सुलेशन मोजलं. मेगरचा काटा कुठे थांबला ते पोराने नानांना दाखवलं नाही, काकूंना दाखवलं.

"अंकल, इसका कोई नक्शा है?"

नानांनी कपाळावर बोट टेकवलं. पण कपाळात होता तो नकाशा भूकंपाच्या आधीचा निघाला. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, हिंदी-मराठीची सरमिसळ करत त्यांनी सुरुवात केली, "देखो बेटा, मिक्सर की लाइन फ्रिज से, फ्रिज की व्हरांडे से, व्हरांडे की न्यूट्रल देवघर से..." पोरगा एमसीबीच्या रिकाम्या खोक्यावर लिहीत गेला. एक बाजू भरली, त्याने खोकं उलटं केलं. नाना ऐकत होते. मध्ये एकदा ते म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं?" काकू म्हणाल्या, "टॉर्च कोण धरत होतं?"

शेवटी सगळं उपसून नवं झालं: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगांना अडीचची, गीझरला चारची आणि स्वतःची, हिरवी तार प्रत्येक बोर्डापर्यंत. नानांनी रोज हजेरी लावली, पक्कड कशी धरावी ते सांगितलं, मजुराच्या चहात साखर कमी पडल्याचं सांगितलं, आणि हिशेबाच्या दिवशी वही घेऊन बसले. काम पॉइंटवर ठरलेलं. बेल हा पॉइंट धरायचा की नाही यावर पाऊण तास गेला. नानांचं म्हणणं, बेल वाजते, प्रकाश देत नाही, सबब पॉइंट नव्हे. पोराने बेल सोडून दिली. मग गेटवरची पाटी काढायला हवी होती. ती नानांनी काढू दिली नाही. ऑइलपेंट चांगला आहे म्हणाले.

जाताना पोराने काकूंना विचारलं, और कुछ माताजी? काकूंनी जिना दाखवला. वीस-पंचवीस मिनिटांत खाली एक, वर एक, टू-वे बसले. त्याचे पैसेही त्याने लावले नाहीत. "बड्डे, चल," त्याने साथीदाराला हाक मारली आणि निघून गेला.

त्याच संध्याकाळी नाना गच्चीवर गेले, पॅनलचे नट घट्ट आहेत का ते स्वतः बघायला. पान्हा नेला होता. नट घट्ट होते. उतरताना जिन्याच्या वरच्या वळणावर थांबून त्यांनी नव्या बटणाकडे पाहिलं, टेस्टर काढला, पुन्हा खिशात ठेवला. एवढ्यात खाली काकूंनी दिवा मालवला.

"अगं, मी वर आहे!"

"मग तुमच्याजवळ बटण आहे की. दाबा!"

"मी नाही दाबणार. त्याने उलटं बसवलंय ते. तू लाव खालून."

"मी कणीक मळतेय," काकू म्हणाल्या.